जुन्या डिझेल व्हॅनचा पांढरा धूर आणि थरथरतं आयडलिंग: कामाच्या नोंदी

गाडी: चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं जुनं डिझेल इंजिन. प्री-चेंबरवालं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या चेंबरमध्ये फवारलं जातं. डिझेल पंप रोटरी, टायमिंग बेल्टवर चालणारा. वेगळा फीड पंप नाही, टाकीतून डिझेल तोच ओढतो. टर्बो नाही, ईजीआर (जळलेला वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय) नाही, कॉम्प्युटर नाही. स्कॅनर लावून कोड वाचायचा प्रश्नच येत नाही. जे कळायचं ते कान, नाक, मल्टिमीटर आणि पाने यांतूनच.

३ डिसेंबर

आधी तक्रार नीट लिहून ठेवतो. पुढे चार पार्ट बदलले की मूळ दुखणं काय होतं यावरच वाद सुरू होतो.

सकाळी इंजिन थंड असताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. स्टार्ट झाली की सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, आरपीएम ७०० च्या आसपास, आणि इंजिन मिसिंग मारतं. तीन ठोके बरोबर, चौथा गायब, परत तीन बरोबर. स्टिअरिंग हलतं, आरसे हलतात. पाच-सात मिनिटांत धूर विरळ होतो आणि मिसिंगही जवळजवळ जातं. मग इंजिन पूर्ण गरम झालं की वेगळंच सुरू होतं: आरपीएम मध्येच ६५० पर्यंत पडतो, चढतो, पुन्हा पडतो. तेव्हा धूर मात्र नसतो.

म्हणजे थरथर दोन जातींची आहे. एक थंडपणी, तालात, धुरासकट. दुसरी गरम असताना, बेताल, धुराशिवाय. दोन्हींच्या मागे एकच कारण असेल असं आत्ताच धरणार नाही.

धूर डोळ्यांना झोंबतो, वास कच्च्या डिझेलचा. सायलेन्सरच्या तोंडासमोर पांढरा पुठ्ठा धरून पाहिला. बारीक तेलकट ठिपके पडले, बराच वेळ वाळले नाहीत. पाण्याची वाफ असती तर ठिपके सुकून गेले असते आणि वास गोडसर आला असता. तरी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) फुटून कूलंट आत जातंय हा संशय लगेच सोडायचा नाही म्हणून कूलंटच्या टाकीवर पातळीशी टेप चिकटवून ठेवली.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ, निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण रंगाने फक्त खातं कळतं. धूर केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, खरी मेख तिथे असते. दिवसभर पांढरा धूर सोडणारी गाडी आणि फक्त सकाळी सोडणारी गाडी यांचे आजार वेगळे.

५ डिसेंबर

सोप्या गोष्टी आधी. बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये सेल्फ चालू असताना ०.१५ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग ठीक. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवली तरच डिझेल पेटतं. सेल्फ हळू फिरला की ती उष्णता ब्लॉकमध्येच जिरते. म्हणून बॅटरीला वगळून पुढे जाता येत नाही. इथे बॅटरी निर्दोष.

एअर फिल्टर स्वच्छ. इंजिनाच्या मागच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं, रबर फाटलंय. स्टिअरिंगची निम्मी थरथर तिथूनच येत असणार, पण ते आत्ता बदललं तर मिसिंग लपेल, म्हणून शेवटी.

एक गोष्ट खटकली. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही किंचित वर आहे, पातळ वाटतंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय. पंप गिअरवर चालणारा असता तर त्याच्या शाफ्टच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. इथे पंप बेल्टवर आहे, सील गळलं तर डिझेल बाहेर बेल्टवर येणार. फीड पंप नाही, म्हणजे त्याचा डायफ्रॅम फाटायचाही सवाल नाही. उरली एकच वाट: सिलिंडरमध्ये न जळलेलं डिझेल बोअरच्या भिंतीवरून, रिंगांच्या बाजूने खाली. पुठ्ठ्यावरच्या ठिपक्यांशी हे जुळतं.

६ डिसेंबर

हीटर प्लग, म्हणजे स्टार्टआधी चेंबर तापवणारे विजेचे प्लग. प्री-चेंबरच्या इंजिनाला थंडीत हीटर प्लगशिवाय गत्यंतर नाही, कारण चेंबरच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. डॅशवरचा हीटरचा दिवा लागतो आणि विझतो, पण तो टायमरचा दिवा आहे. प्लग तापले की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. दिवा लागतोय म्हणून हीटर चांगले, असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

चावी फिरवून चारही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर व्होल्टेज पाहिलं: ११.४. रिले चांगला आहे. मग क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावला. सुरुवातीचा जोराचा करंट उतरल्यावर ३६ अँपिअरवर स्थिरावला. असा एक प्लग साधारण १२ अँपिअर घेतो, म्हणजे चारांपैकी तीनच चालू आहेत. पट्टी सोडवली, कारण पट्टी लावलेली असताना मोजलं तर चारही प्लग एकमेकांना समांतर राहतात आणि मेलेला त्यात लपतो. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.३ ओहम वजा करून:

१ नंबर ०.८, २ नंबर ०.९, ३ नंबर ओपन (आतून तुटलेला), ४ नंबर ०.८.

इंजिन कोमट करून, रात्रभर जंग सोडवणारं तेल मुरवून, थोडा सैल थोडा घट्ट असं करत ३ नंबर काढायचं ठरवलं. जुना प्लग जोर लावून काढायला गेलं की टोक आतच तुटतं आणि मग हेड उतरवायची वेळ येते.

७ डिसेंबर

प्लग सुखरूप निघाला. पण टोक पाहून थांबलो. म्हातारपणाने मेलेल्या प्लगचं टोक शाबूत, फार तर थोडं फुगलेलं असतं. आतली तार तुटलेली असते, एवढंच. याचं टोक एका बाजूने खाल्लेलं आहे. धातू वितळून एक खड्डा पडलाय, कडा काळ्या आणि चमकदार. बाकीची बाजू जवळजवळ नव्यासारखी. टोक सगळीकडून सारखं तापलं असतं तर एकाच बाजूला खड्डा पडला नसता. तिथे काहीतरी सतत पडत होतं.

तिथे पडणारी वस्तू एकच: नोझलमधून येणारं डिझेल. फवारा नीट असेल तर तो प्लगच्या टोकाला चाटून जातो. नोझल गळकं झालं तर धार तिरकी पडते आणि टोकावर जळत राहते. हा अंदाज आहे, पण यापुढचं काम याच दिशेने.

नवा प्लग फक्त ३ नंबरला लावला. चारही एकदम बदलायचा रिवाज आहे आणि तो चुकीचा नाही. बाकीचे तीन नंतर बदलेन. आत्ता एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

८ डिसेंबर

सकाळी सेल्फ निम्म्या वेळात लागला. धूर कमी झाला, पण गेला नाही. मिसिंग आहे, फक्त लवकर थांबतं. गरम झाल्यावरचं आरपीएमचं खाली-वर जसंच्या तसं. प्लग मेला होता हे खरं, पण तो या प्रकरणातला आरोपी नव्हे, बळी आहे.

९ डिसेंबर

कोणता सिलिंडर कामचुकार आहे ते दोन रीतींनी पाहिलं.

पहिली रीत निर्धोक. इंजिन पूर्ण थंड, स्टार्ट केलं, आणि मिनिटाभराने इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीचं तापमान, सगळीकडे सारख्याच अंतरावरून: ७८, ८१, ५२, ७६. तिसऱ्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाहीये.

दुसरी रीत जुनी. आयडलिंगवर एकेका नोझलच्या पाइपचा नट नोझलपाशी अर्धा आटा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच लंगडतं. १, २ आणि ४ ला आरपीएम धपकन पडला. ३ ला थंडपणी जवळजवळ फरक नाही, गरम झाल्यावर थोडा.

ही रीत वापरणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालावेत, नटाभोवती फडकं गुंडाळावं. या पाइपांतला दाब एवढा असतो की बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रियेची वेळ येते. आणि कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाखालच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीवर हा प्रयोग कधीच करायचा नाही. तिथे आयडलिंगलाही २००-३०० बारच्या घरात दाब असतो.

१० डिसेंबर

आता दुसरी तक्रार, गरम झाल्यावरचं खाली-वर. तिसऱ्या सिलिंडरने हे होणार नाही. एक सिलिंडर कच्चा असेल तर लंगडणं ठरावीक तालात येतं. बेताल चालणं म्हणजे पंपाला डिझेल एकसारखं मिळत नाहीये. गाडी एअर घेतेय, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा टाकला. आयडलिंगवर पाइपच्या वरच्या भिंतीला चिकटून बारीक बुडबुड्यांची माळ सरकताना दिसते. एका ठिकाणी ते अडकतात, एकमेकांत मिसळतात, बोटाच्या पेराएवढा पोकळ टप्पा तयार होतो आणि तो अचानक सुटून पंपात शिरतो. त्यानंतर क्षणभराने आरपीएम पडतो. शिरला, पडला; शिरला, पडला. एवढा सरळ पुरावा डिझेलच्या कामात क्वचित मिळतो.

एअर कुठून येतेय ते शोधायला टाकी आणि फिल्टर दोन्ही बाजूला ठेवले. स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच टांगला, त्यातून पाइप थेट पंपाला, उरलेलं डिझेल परत आणणारा रिटर्न पाइपही त्याच डब्यात. इंजिन चालू. बुडबुडे नाहीत, आरपीएम ठाम. डबा उंच असल्यामुळे पंपाची सील गळकी असती तर डिझेल बाहेर दिसलं असतं. पंप कोरडा ठणठणीत आहे. दोष पंपाच्या आधी, ओढण्याच्या बाजूला.

ओढणारी बाजू गळते तेव्हा खाली थेंब पडत नाही, म्हणूनच लोक इथे फसतात. इंजिन चालू असताना त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, म्हणजे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमीन कोरडी, जॉइंट कोरडे, आणि तरी गाडी एअर घेते.

१२ डिसेंबर

सापडलं. फिल्टरच्या डोक्यावरच्या हॅन्ड प्रायमरचं (हाताने डिझेल ओढायच्या छोट्या पंपाचं) ओ-रिंग कडक होऊन चपटं झालंय, आणि फिल्टरकडे येणाऱ्या रबरी पाइपच्या टोकाला क्लॅम्पखाली भेगा आहेत. क्लॅम्प आवळून भागणार नव्हतं. कडक झालेलं रबर आवळलं की भेग आणखी उघडते. टोक कापायला लांबी पुरत नव्हती, पाइपच नवा टाकला. ओ-रिंगही नवं.

प्रायमर दाबून एअर काढली, गाडी चालू केली. पारदर्शक पाइपात अखंड डिझेल. गरम आयडलिंग ठाम. हा तुकडा दोन-चार दिवस तसाच राहू दे, मग काढून योग्य डिझेल पाइप टाकायचा. पारदर्शक पाइप उष्णतेने कडक होतो, कायमचा ठेवायची वस्तू नाही.

दुसरी तक्रार इथे बंद. सकाळचा धूर आणि मिसिंग बाकी.

१३ डिसेंबर

पंपावर थंड स्टार्टचा छोटा लिव्हर आहे. त्याला केबल येते ती थर्मोस्टॅटजवळच्या मेणाच्या कॅप्सूलपासून. या इंजिनात थंड असताना केबल ताणलेली हवी, म्हणजे लिव्हर ओढलेला राहतो आणि आरपीएम थोडा वर राहतो. कूलंट तापलं की मेण प्रसरण पावतं आणि केबल सैल पडते. माझी केबल थंडपणीही लोंबतेय. टोकाचा क्लॅम्प घसरलाय. थंड इंजिनावर ढिलाई काढून क्लॅम्प आवळला, गरम करून केबल सैल होते याची खात्री केली. कॅप्सूल जिवंत आहे.

थंड आरपीएम ७०० वरून ९५० वर आला. पंपावरच्या आयडलिंगच्या स्क्रूला हात लावून लोक हाच परिणाम मिळवू बघतात, आणि मग गरम गाडी ठाण मांडून गुरगुरत बसते. डिझेलचं प्रमाण ठरवणाऱ्या सीलबंद स्क्रूला तर हातही लावू नये.

१६ डिसेंबर

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. नोझल बाहेर काढण्याआधी हे हवंच होतं. बोअर गेली असेल तर नोझलवरची मेहनत वाया. इंजिन गरम, चारही हीटर प्लग बाहेर, स्टॉप सोलेनॉइडची वायर काढलेली म्हणजे डिझेल जाणार नाही. गेज डिझेलचा, प्लगच्या भोकात बसणाऱ्या अडॅप्टरसकट. पेट्रोलचा गेज इथे फुटेल.

२९, २८, २७.५, २९ बार. आकडे चांगले आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकमेकांच्या जवळ आहेत. तिसरा किंचित खाली, पण दीड बारने मिसिंग होत नाही. रिंगा आणि व्हॉल्व्ह संशयातून सुटले. कूलंट टेपच्या खुणेवर जिथल्या तिथे, म्हणजे गॅस्केटही सुटलं.

१८ डिसेंबर

नोझल बाहेर. २७ च्या खोल सॉकेटने, आधी भोवतालची घाण हवेने उडवून. पाइप काढल्याबरोबर पंपाची तोंडं बंद केली. तिसऱ्याखालचा उष्णतारोधक वॉशर एका बाजूने काजळलेला.

चारही नोझल पंप दुरुस्तीवाल्या काकांकडे टेस्टरवर लावले. त्यांना आधी सगळे आकडे वाचून दाखवले, तर म्हणाले, “बरं झालं, पंप काढून नाही आणलात. येणारे दहापैकी नऊ पंपच घेऊन येतात.”

उघडण्याचा दाब १३० बार हवा. १ नंबर १२८, २ नंबर १२६, ४ नंबर १२४. तिन्ही हलक्या करकरीत आवाजाने फुटतात, फवारा धुक्यासारखा. ३ नंबर ९६ ला उघडला, आवाज नाही, फवाऱ्याऐवजी तिरकी धार. दाब उघडण्याच्या १० बार खाली आणून धरून ठेवला, तर दहा सेकंदांच्या आत टोकावर थेंब जमला, लोंबला आणि पडला. काका बोट दाखवून एवढंच म्हणाले, “हा बघा तुमचा धूर.”

सगळं जागेवर बसलं. कमी दाबाला उघडणारं नोझल वेळेआधी उघडतं, वेळेनंतर बंद होतं आणि मध्ये गळत राहतं. मोठे थेंब थंड चेंबरमध्ये पेटत नाहीत. काही धूर होऊन बाहेर, काही भिंतीवरून ऑइलमध्ये. गरम इंजिनात भिंतींच्या उष्णतेने ते कसेबसे जळतात, म्हणून तक्रार फक्त सकाळची. आणि तिरकी धार प्लगच्या टोकाला खात होती. नुसता प्लग बदलून गाडी वापरली असती तर काही महिन्यांत नवा प्लगही त्याच वाटेने गेला असता.

चारही टोकं नवी, शिम (स्प्रिंगवरच्या पातळ चकत्या) बदलून सगळ्यांचा दाब १३० ला.

२० डिसेंबर

बसवणी. हेडमधल्या बैठका साफ केल्या, सगळे वॉशर नवे. हे वॉशर एकदाच दबतात; जुना परत घातला की कॉम्प्रेशन गळतं आणि नवं नोझल जळतं. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. नोझलना जोडणारे रिटर्नचे बारीक वेष्टणवाले पाइपही बदलले, जुने मुरगळताच तुटले. बाकीचे तीन हीटर प्लग आता नवे. नट सैल ठेवून सेल्फ मारला, डिझेल आलं तसे आवळत गेलो.

ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर आणखी चालवायचं नाही.

२१ डिसेंबर

थंड स्टार्ट. सेल्फ लागताच पकडलं, दोन-तीन सेकंद पांढुरका धूर, मग काही नाही. मॅनिफोल्ड मिनिटाभराने: ८०, ८३, ७९, ७८.

२३ डिसेंबर

ज्याने त्याने गाडी ऐकून दिलेला सल्ला: “पंप जरा पुढे घे, धूर जाईल.” टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे पडलं तर पांढरा धूर येतो हे खरं आहे. पण टायमिंग चारही सिलिंडरचं एकत्रच हलतं. मॅनिफोल्डवर एकच नळी थंड असताना पंप फिरवणं म्हणजे तीन चांगल्या सिलिंडरना एका बिघडलेल्याच्या पायी त्रास. पुढे घेतलं असतं तर धूर थोडा कमी झाला असता, ठोका वाढला असता आणि नोझल आत तसंच गळत राहिलं असतं.

तरी नोंदीपुरतं डायल गेज लावून पाहिलं. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा ०.०२ मिमीचा फरक, मर्यादेच्या आत. हात लावला नाही. बेल्टवर भेगा नाहीत, ऑइलचे डाग नाहीत.

२७ डिसेंबर

मागचं फाउंडेशन बदललं. गरम आयडलिंग लेझर टॅकोमीटरने ८०० वर सेट. पारदर्शक तुकडा काढून नीट पाइप टाकला. आरसे आता स्थिर.

५ जानेवारी

या हंगामातली सगळ्यात थंड सकाळ. एका झटक्यात स्टार्ट, ९५० वर ठाम, धूर नगण्य. डिपस्टिकवरची पातळी ऑइल बदललं त्या दिवशीची, डिझेलचा वास नाही. कूलंट खुणेवर.

उरलेली एक गोष्ट: बराच वेळ आयडलिंगवर उभी ठेवून एकदम रेस दिली की हलका निळा झुळका येतो, लगेच विरतो. व्हॉल्व्ह सील कडक झाली असणार; उभ्या गाडीत ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं आणि रेस देताच जळतं. कॉम्प्रेशन चांगलं असताना एवढ्यासाठी हेड उघडणार नाही. डिपस्टिकची पातळी तारीख आणि किलोमीटरसकट लिहायला सुरुवात केली आहे. टायमिंग बेल्टचं काम निघेल तेव्हा ते आकडे पाहून सीलचं ठरवायचं.